रुक्मिणीचा एकोणिसावा प्रसंग

मुलगी लग्नाची झाली, की घरातली एखादी म्हातारी फडताळातून एक पोथी काढते आणि तिच्या हाती देते. पोथी एकनाथमहाराजांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची. नेमाने वाचली म्हणजे मनाजोगते स्थळ येते, अशी श्रद्धा. नाथांनी हा ग्रंथ काशीत शके १४९३ मध्ये, म्हणजे १५७१ साली, पुरा केला. प्रसंग अठरा. रुक्मिणीचे पत्र, अंबिकेचे देऊळ, हरण, रुक्मीची फजिती आणि शेवटी थाटामाटाचे लग्न. लग्न लागते, पोथी मिटते, मुलगी सासरी जाते. त्यानंतरची पोथी मात्र कुणी तिच्या हाती देत नाही. कारण ती कुणी लिहिलेलीच नाही.

त्या न लिहिलेल्या पोथीविषयी मला या अंकात लिहायचे आहे. नवराबायकोतल्या विश्वासघाताचा विषय फराळाच्या ताटाशेजारी कशाला, असे कुणी म्हणेल. पण दिवाळीला माहेरी आलेल्या लेकीच्या चेहऱ्याकडे आई ज्या नजरेने बघते, तिला हा विषय चांगला ठाऊक असतो. ‘बरं चाललंय ना?’ एवढेच ती विचारते. ‘हो’ म्हणून लेक चकलीचा सोऱ्या ओढून घेते. त्या ‘हो’मध्ये काय काय असू शकते, याचा शोध घेणे हे साहित्याचे काम आहे, आणि आपल्या साहित्याने ते कितपत केले, हे तपासणे टीकाकाराचे.

रुक्मिणीपासून सुरुवात करण्याचे आणखी एक कारण आहे. मी चांदूर रेल्वेचा. चांदूर बाजार वेगळे आणि आमचे चांदूर वेगळे. रूळ आले आणि गावाच्या नावाला कायमचे चिकटले. इथून कौंडण्यपूर फार लांब नाही. वर्धा नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच पुराणातले कुंडिनपूर, भीष्मक राजाची राजधानी, असे आम्ही मानतो. तेव्हा रुक्मिणी आमची लेक. दरवर्षी आषाढीला तिची पालखी कौंडण्यपुराहून पंढरपुराला जाते. सदाराम महाराजांनी १५९४ साली ती सुरू केली, असे सांगतात. चारशे वर्षे माहेरची माणसे लेकीकडे पायी जात आहेत. लेक सुखात आहे का, हे बघायला एवढे चालावे लागते का, असा प्रश्न मला लहानपणी पडे. आता वाटते, लागतच असेल.

कारण लेक सुखात होती, असे लोककथा म्हणत नाही. पंढरपूरची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. राधा द्वारकेत आली आणि कृष्णाच्या मांडीवर बसली. रुक्मिणी आली, तरी राधा उठली नाही. कृष्णानेही तिला उठवले नाही. रुक्मिणी एक शब्द न बोलता निघाली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिला शोधत कृष्ण आला, वाटेत पुंडलिकाच्या दारी विटेवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे. सारी पंढरी या रुसव्यावर उभी आहे. आपण विटेचे अभंग गातो, पुंडलिकाच्या मातृपितृभक्तीवर प्रवचने ऐकतो. दिंडीरवनात बसलेल्या बाईच्या मनात त्या वेळी काय चालले होते, हे मात्र कुणी विचारत नाही.

भागवतकारांची रुक्मिणी आणि ही रुक्मिणी यांची तुलना करून पाहण्यासारखी आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात, साठाव्या अध्यायात, एक एकांताचा प्रसंग आहे. कृष्ण थट्टेने म्हणतो, ‘माझ्यासारख्याला तू कशाला वरलेस? अजूनही तुझ्या तोलाचा एखादा राजा बघ.’ एवढ्या बोलण्याने रुक्मिणीच्या हातातली कांकणे गळतात, पंखा पडतो आणि ती मूर्च्छित होते. मग कृष्ण तिला सावरतो आणि संसारात अशी थट्टा म्हणजेच गोडी, असे समजावतो. ही पुराणातली रुक्मिणी. ती शब्दाने कोसळते आणि शब्दानेच सावरते. लोककथेतली रुक्मिणी डोळ्यांनी बघते, कोसळत नाही. उठून चालू लागते. पुराणिकाला मूर्च्छा सुचली आणि बायाबापड्यांना चालणे सुचले. दोहोंतले खरे कोणते, हे ज्याच्या घरात असा प्रसंग घडला आहे त्याला सांगावे लागू नये.

चारेक वर्षांमागे ओळखीतल्या एक बाई माझ्याकडे पुस्तक मागायला आल्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे लोक अशा कामाला माझ्याकडे येतात. नवऱ्याचे बाहेर काही होते, ते उघडकीला आले, मिटलेही. तो आता वेळेवर घरी येत होता, पगार हातात देत होता. बाई म्हणाल्या, “गुर्जी, झालं ते झालं. तो आता खरं बोलते, हे मले समजते. पन माह्या डोक्यातलं जातं काही थांबत नाही. रातच्याले तेच. सैपाक करता करता तेच. तो कवा गेला असंन, काय बोलला असंन, मी तवा काय करत होती. असं काही पुस्तक हाये का, की जे वाचून हे थांबंन?”

मी ताबडतोब काही दिले नाही. मात्र त्या प्रश्नाने माझे वाचन मला पुन्हा तपासायला लावले. त्यांनी वापरलेला शब्दही मनात राहिला. ‘तेच तेच दळण दळणे’ हा वाक्प्रचार आपण उठता बसता वापरतो. पण दळण दळणारीने तो स्वतःच्या मनाला लावला, की त्याचे वजन निराळे होते. विचारांचे काहूर उठते, ते वाऱ्यासारखे येते आणि जाते. रवंथ गाय करते, पण तिच्या पोटात निदान चारा असतो. मनाच्या जात्याला थांबणे नाही आणि खाली पीठही पडत नाही.

तर असे पुस्तक मराठीत आहे काय?

पहिली आठवण होते ती रंगभूमीची. संशय हा आपल्या नाटकाचा जुना लाडका विषय. गोविंद बल्लाळ देवलांनी तो दोनदा हाताळला. १८९० साली त्यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिले. त्याचे मूळ मोलिएरच्या १६६० सालच्या एका प्रहसनात, आणि तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात. त्यालाच पुढे पदांचा साज चढून १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. एकाच लेखकाने एकाच विषयाची शोकांतिकाही केली आणि प्रहसनही केले, असे उदाहरण आपल्याकडे विरळा. एकीत एक हातरुमाल चुकीच्या हाती जातो आणि निरपराध बायकोचा जीव जातो. दुसऱ्यात एक तसबीर चुकीच्या हाती जाते आणि फाल्गुनराव व कृत्तिका यांची आपण पोट धरधरून थट्टा करतो.

दोन्ही नाटके थोर आहेत. ‘संशयकल्लोळा’तली गाणी कानी पडली, की आजही पाय थांबतो. पण त्या बाईंच्या प्रश्नाला ही नाटके उत्तर देत नाहीत. कारण दोन्हींत संशय खोटा आहे. फाल्गुनरावाला शेवटी कळते की काही घडलेच नव्हते. झुंझाररावालाही तेच कळते, फक्त उशिरा. संशय खोटा ठरला की नाटक संपते. आमच्या बाईंच्या घरी संशय खरा ठरला होता आणि नाटक तिथून सुरू झाले होते. देवलांची माणसे ‘खरे काय घडले?’ या प्रश्नामागे धावतात. खरे काय घडले हे कळल्यावरही जी धाव थांबत नाही, तिला कोणते नाटक लावायचे?

संशय खरा ठरलेली मोठी कथा म्हणजे ययातीची. महाभारतात देवयानी शर्मिष्ठेच्या मुलांना विचारते, ‘बाळांनो, तुमचे वडील कोण?’ आणि पोरे बोट दाखवतात ययातीकडे. साऱ्या वाङ्मयात विश्वासघात उघडकीला येण्याचे इतके साधे आणि इतके निर्घृण दृश्य मला दुसरे ठाऊक नाही. ना रुमाल, ना तसबीर, लेकराचे बोट. पण पुढे काय होते? देवयानी तडक बापाकडे जाते, शुक्राचार्य जावयाला म्हातारपणाचा शाप देतात आणि कथा ययातीची होते. तो तारुण्य मागत फिरतो, पुरू ते देतो, भोग आणि त्याग यांवर चिंतन होते. देवयानी त्या चिंतनात कुठे उरत नाही.

वि. स. खांडेकरांनी १९५९ साली ‘ययाति’ लिहिली, तेव्हा ही उणीव भरून काढण्याची संधी त्यांना होती. कादंबरीची रचनाच तशी आहे: ययाति, देवयानी, शर्मिष्ठा, प्रत्येक जण आपापल्या तोंडाने आपली कथा सांगतो. १९७४ चे ज्ञानपीठ मिळालेली ही कादंबरी मी तरुणपणी भारावून वाचली, शिकवलीही. या प्रश्नाच्या निमित्ताने ती पुन्हा वाचली, तेव्हा एक गोष्ट खटकली. देवयानी बोलते खरी, पण तिच्या बोलण्यावर आपण विश्वास ठेवावा असे लेखकाला वाटत नाही. तो तिला मानी, हट्टी, आत्मकेंद्री रंगवतो, आणि वाचकाची सारी माया हळूहळू शर्मिष्ठेच्या पदरात टाकतो. परिणाम असा होतो, की फसवली गेलेली बायको आपली व्यथा सांगत असता वाचक मनात म्हणतो, ‘हिच्याशी कोण संसार करील?’ फसवल्या गेलेल्या माणसाला एकांतात छळणारा प्रश्न नेमका हाच असतो: माझ्यातच काही कमी होते का? खांडेकरांच्या कादंबरीने, लेखकाचा तसा हेतू नसतानाही, त्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले. ते पुस्तक त्या बाईंना देणे मला जमले नसते.

आता हे दळण फक्त बायकाच दळतात असे कुणी समजू नये. कुंडिनपुराची दुसरी लेक दमयंती. तिची कथा रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी घरांत पोचली. नळाने तिला रानात निजलेली सोडून दिले. तो परत मिळावा म्हणून तिने दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता धाडली. बाहुक होऊन आलेल्या नळाला तिने पारखून घेतले: दासी पाठवून, त्याने शिजवलेले अन्न चाखून, मुलांना त्याच्यासमोर नेऊन. आणि ओळख पटल्यावर नळ काय विचारतो? ‘पतिव्रता बाई दुसरे स्वयंवर कसे मांडते?’ जो स्वतः टाकून गेला, त्याच्याच डोक्यात जाते फिरू लागले! दमयंती शपथ घेते, वायू आकाशातून साक्ष देतो, तेव्हा कुठे नळाचे समाधान होते. महाभारतकाराची मार्मिकता बघा. माणसाच्या शपथेने हे जाते थांबत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने देवाला साक्षीला बोलावले. आमच्या तुमच्या घरी वायू साक्षीला येत नाही. तिथे नवऱ्याने कितीही शपथा घेतल्या, तरी रात्री दोन वाजता पुन्हा एक प्रश्न उरतोच.

म्हणजे रंगभूमीने खोटा संशय मिटवला, पुराणाने शापाने किंवा साक्षीने सोडवणूक केली, कादंबरीने बाजू घेतली. खऱ्या दुखण्यापर्यंत कुणी पोचले असेल, तर ती जात्यावरची ओवी. हे मी लोकसाहित्याच्या कौतुकापोटी म्हणत नाही. आमच्याकडे लोकसाहित्याचे कौतुक स्वस्त झाले आहे. मी ओवी साहित्य म्हणूनच तपासतो आहे.

सानेगुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये, सरोजिनी बाबरांनी आपल्या संग्रहांत ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेड्याखेड्यांत हिंडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या साऱ्या धनात रुक्मिणीच्या संसाराच्या ओव्यांचा एक मोठा वाटा आहे. जनाबाईची कथा आपण संतकथेत ऐकतो: विठ्ठल जनीला दळू लागला, पहाटे घाईघाईत आपला शेला आणि पदक विसरून तिची वाकळ पांघरून देवळात गेला, जनीवर चोरीचा आळ आला. पुन्हा तेच: एक वस्त्र चुकीच्या अंगावर! शेक्सपिअरने हातरुमालाचा खून केला, देवलांनी तसबिरीचे हसे केले, संतकथेने वाकळीचा चमत्कार केला. पण जात्यावरच्या बाईने काय केले? तिने रुक्मिणीला उभे केले आणि विचारायला लावले: ही जनी तुमची कोण? विठ्ठल उत्तर देतो, बिचारी पोरकी, आपल्या सावलीला वस्तीला उतरलेले पाखरू आहे. रुक्मिणी गप्प होते आणि पुढच्या ओवीत पुन्हा विचारते. कधी जनीविषयी, कधी सत्यभामेविषयी, कधी तुळशीविषयी.

तुळशीवरून आठवले. दिवाळी सरली, की आपण घरोघर ऊस, चिंचा, आवळे आणून तुळशीचे लग्न लावतो. नवरदेव कोण? कृष्ण. म्हणजे दरवर्षी कार्तिकात सारा महाराष्ट्र मिळून रुक्मिणीच्या नवऱ्याला दुसऱ्या बोहल्यावर चढवतो, अक्षता टाकतो आणि पेढे खातो! त्या दिवशी रुक्मिणीला काय वाटत असेल, हे मंगलाष्टके म्हणणाऱ्या कुणाच्या मनात येत नाही. ओवी गाणाऱ्या बाईच्या मनात ते आले. तिने तुळशीला सवत म्हटले आणि अंगणातल्या त्या सवतीला रोज पाणीही घातले.

साहित्यगुण म्हणून या ओव्यांत मला तीन गोष्टी दिसतात. पहिली त्यांच्या घडणीची. एकाच ओळीने आरंभ होतो, दुसरी ओळ बदलते. पुन्हा तीच पहिली ओळ, पुन्हा दुसरी वेगळी. मनाचे दळण असेच तर चालते! त्याच जागी परत परत येणे, हा त्याचा धर्म आहे. पण ओवीत प्रत्येक फेऱ्याला दुसरी ओळ थोडी पुढे सरकते. प्रश्न तोच, उत्तर मात्र कधी रागाचे, कधी थट्टेचे, कधी नुसते थकल्याचे. ओवी मनाला फिरू नको असे सांगत नाही. फिरताना प्रत्येक वेळी एक मूठ नवी टाक, एवढेच सांगते. रिकामे जाते ओढू नये, असे जुन्या बाया बजावत. त्याचे कारण साधे आहे. दाणा नसला, की दगडावर दगड घासतो, टाकी लावलेली तळी बोथट होते आणि पुढच्या पिठात कच येते. खाल्ल्या भाकरीत ती दाताखाली लागते. संसारात अशी कच कुणाच्या दाताखाली लागते? बहुधा पोरांच्या.

दुसरी गोष्ट सोबतीची. जात्याला खुंटा एक, पण हात पुष्कळदा दोघींचे. समोरासमोर बसलेल्या जावा, नणंदा, मायलेकी. एक ओवी म्हणे, दुसरी जोड देई. रुक्मिणीचे नाव घेऊन एकीने आपले सांगितले, तर दुसरीला कळे आणि न कळल्यासारखे करता येई. ‘तुझ्या नवऱ्याचं ऐकलं हो!’ असे म्हणून जखमेवर बोट ठेवणारी शेजारीण कुठे, आणि रुक्मिणीच्या आडून ऐकणारी ही सोबतीण कुठे! देवांच्या नावाचा हा आडपडदा म्हणजे भित्रेपणा नव्हे. दुःख सांगूनही माणसाची अब्रू राखणारी ती रीत आहे. चांगली कथाकादंबरी याहून वेगळे काय करते?

तिसरी गोष्ट मापाची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दळण मोजून असते. सुपातली ज्वारी संपली, की ओवी संपते, जाते थांबते, पदराने पीठ झटकून बाई उठते. उजाडलेले असते. दिवसभराचे दुःख पहाटेच्या त्या दोन पायल्यांत दळून घ्यायचे, उरलेले उद्याच्या दळणाला. मन मोकळे झाले, असे मी म्हणत नाही. एवढेच, की त्या दुःखाला जागा आणि वेळ नेमून दिलेली होती.

आज मानसशास्त्रज्ञ हीच गोष्ट निराळ्या भाषेत सांगतात. सुसान नोलेन-होक्सेमा या अमेरिकी विदुषीने १९९१ साली दाखवून दिले, की दुःखाची कारणे आणि परिणाम यांवर निष्क्रिय बसून विचार घोळवणाऱ्याचे दुःख अधिक काळ टिकते. त्याआधी, १९८३ साली, बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजी करणाऱ्यांना सांगून पाहिले, की दिवसातला अर्धा तास ठरवा, जागा ठरवा, सारी काळजी तिथेच करा. इतर वेळी आली तर तिला त्या वेळेवर ढकला. त्याने काळजी कमी झाली. १९८६ साली पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनातल्या खोल घावाविषयी लिहायला बसवले. पुढच्या महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे घटले. नंतरच्या अभ्यासांत हा गुण बेताचाच दिसला आणि तो सर्वांना सारखा येत नाही, हेही खरे. पण अर्धा तास, पंधरा मिनिटे, चार दिवस ही मापे वाचताना मला सूप आणि पायली आठवली. जाते गेले, पिठाची गिरणी आली, ते चांगलेच झाले. त्या कष्टांचे गोडवे गाऊ नयेत. मात्र जात्याबरोबर मापही गेले, आणि मन मोकाट सुटले.

टीकाकाराने उणेही सांगितले पाहिजे. ओवीची एक मोठी मर्यादा आहे. त्यात विठ्ठल कधी चुकत नाही. तो देव आहे. जनी भक्त आहे, तुळस पवित्र आहे. तेव्हा शेवटी समजून घ्यायचे ते रुक्मिणीनेच. प्रश्न विचारण्याची मुभा ओवीने बाईला दिली, पण उत्तर मागण्याचा अधिकार दिला नाही. ज्या बाईला जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती, तिची ही कविता आहे, हे विसरून तिची पूजा करणे म्हणजे तिच्या लाचारीची पूजा करणे होईल. सहन कसे करावे हे ओवी सांगते. सहन करावे की नाही, हा प्रश्न ती विचारत नाही. आजच्या लेकीला तो विचारता आला पाहिजे. जिथे फसवणूक चालूच आहे, तिथे डोक्यातले जाते आजार नसते. ती राखण असते. आणि झोप, अन्न, जगण्याची इच्छा जाऊ लागली, तर पुस्तकवाल्याकडे न येता डॉक्टरकडे जावे, हेही सांगितलेच पाहिजे.

पण ओवीने जे सांगितले नाही, ते पंढरपूरच्या दगडांनी सांगितले आहे. गावोगावच्या देवळांत रखुमाई विठ्ठलाच्या डाव्या हाताला उभी असते. खुद्द पंढरपुरात तसे नाही. तिथे त्याच आवारात, मागच्या अंगाला, तिचे देऊळ वेगळे. तिचा उंबरठा वेगळा, आरती वेगळी, तिच्या दर्शनाची रांगही वेगळी. इतिहासकार याची कारणे दैवतांच्या घडणीत शोधतील, ते त्यांचे काम. मी ती मांडणी एखाद्या कवितेसारखी वाचतो. रुक्मिणीने देवयानीप्रमाणे बापाकरवी शाप दिला नाही. दमयंतीप्रमाणे परीक्षा घेतली नाही. फाल्गुनरावाप्रमाणे पाळत ठेवली नाही. आणि काहीच घडले नाही, असे म्हणून शेजारी जाऊन उभीही राहिली नाही. ती आली, पण आपल्या पायांनी आली आणि आपल्या चौकटीत राहिली. क्षमा आणि त्याग यांच्यामध्येही राहण्यासारखी जागा असते, हे त्या वेगळ्या गाभाऱ्यावरून समजते. त्याने विटेवर उभे राहावे. किती वेळ, हे तिने ठरवावे.

त्या बाई महिन्याभराने पुन्हा आल्या, तेव्हा मी त्यांना ओव्यांचा एक संग्रह दिला आणि सोबत एक कोरी वही दिली. “हे कायले?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “रुक्मिणीनं विचारलेले प्रश्न यात आहेत, तुमचे या वहीत उतरवा. पण रोज एकच पान. पान भरलं, की वही मिटायची.” वहीत त्यांनी काय लिहिले, हे मी विचारले नाही, ते विचारण्याचा मला अधिकारही नाही. संग्रह मात्र परत आला नाही. पुस्तक परत न येण्याचे दुःख मला सहसा होते; या वेळी झाले नाही.

आमच्या लेखकांना, विशेषतः आजच्या लिहिणाऱ्या बायकांना, माझे एक मागणे आहे. याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात, सातशे वर्षांपूर्वी, महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले. मराठीची पहिली कवयित्री म्हणून आपण तिला मानतो. नरेंद्राने स्वयंवर लिहिले, नाथांनी लिहिले. लग्नाची गाणी भरपूर झाली. आता दिंडीरवनात बसलेल्या रुक्मिणीचा एक दिवस लिहा: तिला दिसलेली ती मांडी, पुन्हा पुन्हा दिसलेली, चालताना पायांत रुतलेले काटे, संध्याकाळी लागलेली भूक, आणि भूक लागली याचा आलेला राग. तिला देवी करू नका, देवयानीही करू नका. नाथांच्या पोथीत अठरा प्रसंग आहेत. एकोणिसावा लिहून झाला, की तोही त्याच फडताळात ठेवता येईल. म्हातारीच्या हाताला सहज लागेल अशा जागी.